गुलाबी थंडीच्या जागेवर बसलेल्या उन्हाळ्यास

उन्हाळा यास,

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहायची आपल्याकडे रीत आहे. तुझा नमस्कार तुला मे महिन्यात, तुझ्या हक्काच्या दिवसांत मिळेल. जानेवारी-फेब्रुवारीत न बोलावता घुसतोस, म्हणून थेट आरोपावर येते.

तू लाच देतोस, आणि ती कुणाला द्यायची हे तुला बरोबर कळतं. पुण्याच्या वेताळ टेकडीवर तू आलास की सकाळी सातलाच मफलर कमरेला बांधले जातात. हवा मऊ, आभाळ निरभ्र. दगडावर बसून थिरथिऱ्या शेपटी थरथरवत असतो. काटेसावरीला पान नसतं, नुसती लाल फुलं. गुडघे धरून बसणारे आजोबाही वरपर्यंत येतात आणि म्हणतात, "काय छान हवा आहे!" खरंच छान असते. ती टेकडी मला जिवाची आहे आणि तिथल्या अशा सकाळचं सुख मी नाकारणार नाही. ते तू कुणाच्या ताटातून उचलून आणलंस, ते मात्र विचारणारच.

रत्नागिरी-देवगडच्या हापूसला थंड रात्री लागतात. पावसाळ्यानंतरची पालवी जून झाली आणि कोरडी थंडी पडली की मोहोर फुटतो. रात्री उबदार राहिल्या की झाड मोहोराऐवजी पुन्हा पालवी काढतं. मोहोर धरलाच तर तू फेब्रुवारीत दुपारी तापतोस, आणि वाटाण्याएवढी, सुपारीएवढी कैरी झाडाखाली सडा घालते. फवारणीचा, राखणीचा, मजुरीचा खर्च बागायतदाराने तोवर केलेला असतो. गव्हाचंही तेच. दाणा भरायच्या दिवसांत गारवा हवा. तू आलास की पीक घाईने पिकतं आणि दाणा बारीक राहतो. टेकडीवरच्या आमच्या हलक्या शर्टाची किंमत ही अशी वसूल होते, आणि ती भरणारा माणूस टेकडीवर नसतो.

तुझी हजेरी आता कागदावर आहे. हवामान खात्याच्या हिशेबात जानेवारी-फेब्रुवारी हा हिवाळा. 1901 पासूनच्या देशभरातल्या नोंदींत 2025 चा फेब्रुवारी सरासरी तापमानात सगळ्यांत वरचा ठरला, रात्रीच्या किमान तापमानातही. महाशिवरात्रीला थंडी शिवशिव म्हणत निघून जाते असं आपल्याकडे म्हणतात. त्या वर्षी महाशिवरात्र 26 फेब्रुवारीला होती. निरोप द्यायला थंडी जागेवर होतीच कुठे? त्याच सुमारास सांताक्रूझला पारा 38 अंशांपुढे गेला होता आणि मुंबईला उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला गेला होता. उष्णतेची लाट, हिवाळ्यात! एवढी घाई तुला कसली होती?

तू एकटा येत नाहीस, तुला पाठवणारे आहेत, हे मला माहीत आहे. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून आम्ही हवेत सोडलेला कार्बन डायऑक्साइड. कारखाने सुरू होण्याआधी त्याचं प्रमाण दहा लाखांत सुमारे 280 भाग होतं. 1958 मध्ये हवाई बेटावरच्या मौना लोआला नियमित मोजणी सुरू झाली तेव्हा ते 315 च्या आसपास होतं. आज ते 420 च्या वर आहे. दिवसा तापलेली जमीन रात्री ती उष्णता आकाशाकडे सोडते. हा वायू तिच्यातला काही भाग अडवून पुन्हा खाली धाडतो. हापूसच्या थंड रात्री गेल्या त्या अशा. आणि टेकडीच्या पायथ्याशी गाड्यांची रांग लागते, निसर्गात चालायला दोन किलोमीटर गाडीने आलेल्यांची. तुझे हस्तक शोधायला लांब जायला नको. त्यांना हे मी तोंडावर सांगते आणि सांगत राहीन.

तुझ्या लाचेने आमचं तोंड बंद होईल असं वाटलं असेल, तर चुकलास. टेकडीवर आम्ही येणारच. घरात बसून तुझ्यावर राग धरण्यात काय अर्थ आहे? रोज त्याच वाटेने चालणाऱ्यालाच कळतं की बहावा यंदा लवकर फुलला, थिरथिऱ्या कधी दिसेनासा झाला, आंब्याला मोहोर दोनदा आला की आलाच नाही. हे आता आम्ही तारखेसह एका वहीत लिहून ठेवतो आहोत. देशभरात अनेक लोक आपापल्या दारच्या झाडांच्या अशा नोंदी 'सीझनवॉच' या उपक्रमात भरतात. शाळेतली मुलंही त्यात आहेत. येत्या फेब्रुवारीत तू आलास तर तुझीही तारीख त्यात चढेल. आणि बस डेपो वाढवा, टेकड्या फोडून रस्ते नकोत, असं सांगायला आम्ही पालिकेत जाऊ तेव्हा ती वही आमच्या हातात असेल.

मे महिन्यात भेटू. त्याआधी नको.

टेकडीवर रोज चालणारी एक