सुनावणीतले तात्या

कोकणात प्रकल्पाच्या आधी तात्या पोहोचतात. जनसुनावणीच्या मंडपात पहिली रांग, पंख्याखालची खुर्ची, मांडीवर कापडी पिशवी. पिशवीत २००६ ची पर्यावरण अधिसूचना, माहिती अधिकाराच्या अर्जांच्या पोचपावत्या, दहा रुपयांची कोर्ट फी तिकिटं आणि चणे.

तात्या एसटीचे निवृत्त कंडक्टर. कंपनीचे साहेब पडद्यावर हिरवीगार चित्रं दाखवायला लागले की हे उठतात. ‘नोटीस छापून आल्याला तीस दिवस झाले का?’ अप्पर जिल्हाधिकारी बोटं मोजतात. तात्यांनी कात्रण आधीच काढलेलं असतं.

प्रकल्पाचा पर्यावरण अहवाल जाडजूड आणि इंग्रजी. मराठीत नुसता सारांश. तात्यांचं इंग्रजी डेपोपुरतं, पण झाडं त्यांना कळतात. मागे रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या खाणीचा मजकूर उचलून घातला होता. आमच्या आंबा-काजूच्या मुलखात एका रात्रीत स्प्रूस आणि बर्चची जंगलं उगवली! तेव्हापासून तात्या कुठलाही अहवाल झाडांच्या यादीपासून वाचतात.

आदल्या रात्री ते वाडीवाडीत फिरून प्रश्न वाटतात. मासे विकणाऱ्या बायकांना समुद्रात सोडायच्या गरम पाण्याचा, बागायतदारांना मोहोरावरच्या धुळीचा, पोरांना नोकऱ्यांचा: कायमच्या किती, ठेकेदाराकडच्या किती? ‘भाषण करू नका रे. प्रश्न विचारलात तर कंपनीचं उत्तर कागदावर येतं.’ तरी एखादा माइक हातात आल्यावर शिवाजी महाराजांपासून सुरुवात करतोच. तात्या खालून त्याचा सदरा ओढतात.

कंपनीच्या वहीत ते विरोधक. विरोधी समितीला ते कंपनीचा माणूस वाटतात, कारण समितीच्या वर्गणीचा हिशेबही त्यांनी असाच उभं राहून मागितला होता. घरी काकूंचं मत तिसरंच आहे, ते छापण्याजोगं नाही.

संध्याकाळी साहेबलोक गाड्यांकडे वळतात. तात्या हलत नाहीत. ‘इतिवृत्त वाचून दाखवायचं राहिलं. मराठीत. आजच सही.’ नियमच तसा आहे, म्हणून सगळे परत बसतात. वाचन चालू असताना मंडपवाला मागून खुर्च्या उचलत येतो आणि तात्यांपाशी घुटमळतो. तात्या वळून हळूच विचारतात, ‘खुर्च्या मांडल्यास किती आणि बिलात लावल्यास किती?’