तंबोरा, पंखा आणि इतर घरघर
2020 च्या टाळेबंदीत शाळेचा संगीताचा तास मोबाइलवर भरू लागला, तेव्हा इंटरनेटने जो निवाडा दिला तो एखाद्या खमक्या परीक्षकालाही सुचला नसता. ऑनलाइन वर्गाच्या ॲपमध्ये गोंगाट-निवारणाची सोय असते, म्हणजे बोलणे तेवढे ठेवून पंख्यासारखे एकसारखे चालणारे आवाज गाळणारी चाळणी. तंबोऱ्याचा धर्मच अखंड गुंजण्याचा असल्याने ही चाळणी त्याला पंख्याच्या पंगतीत बसवते आणि षड्ज, म्हणजे ज्याच्या आधारावर बाकीचे सूर उभे राहतात तो ‘सा’, अडगळ समजून बाहेर काढते. आकाशवाणीने 1940 मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली, तेव्हा त्या वाद्याला मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणे, जमत नाही असा निदान सांगीतिक आक्षेप तरी होता.

समूहगानाचे काय झाले ते थोडक्यात सांगता येते: आवाज पोहोचायला लागणारा विलंब लय मोडतो, म्हणून सर्वांनी माइक बंद ठेवून एकत्र गायचे.

शाळा पुन्हा भरल्या तरी पेटी, म्हणजे हीच हार्मोनियम, अनेक ठिकाणी कपाटातच राहिली, कारण यूट्यूबवर तयार साथ फुकट मिळते; मुलांचे गळे पाहून पट्टी, म्हणजे ‘सा’ची उंची, काळी चारवरून खाली काळी एकवर आणण्याचे सौजन्य मात्र ती दाखवत नाही, आणि मुखडा संपून अंतरा उचलायच्या क्षणी जाहिरात लागते. ती वगळण्याचे बटण नेमके पाचव्या सेकंदाला दाबणारा विद्यार्थी वर्गात तालाचा सर्वांत पक्का समजला जातो, हे ओघाने आलेच.