फक्त वाचण्यापुरती

दुसऱ्याच्या कोडमधली चूक शोधण्यात जी मजा आहे, ती स्वतःचं कोड चालण्यात नाही. अँड्रॉइड स्टुडिओत एफ-सात दाबत परक्या लायब्ररीत उतरलो की माझी मान आपोआप ताठ होते. बघू तरी, कोण शहाणा आहे आत! मूळ सोर्स जोडलेला नसला, तर डीकंपायलर सगळ्यांचं नव्याने बारसं करून ठेवतो : व्हार-वन, व्हार-टू. सोर्स असला आणि आवृत्ती वेगळी निघाली, तर डीबगर मोठ्या तोऱ्यात रिकाम्या ओळीवर जाऊन थांबतो.

या खेपेला प्रकरण आमच्या अ‍ॅपमधल्या ऊस लागणीच्या नोंदीचं. पाथर्डीकडच्या चिटबॉयने (म्हणजे साखर कारखान्यासाठी शेतावर जाऊन नोंदी घेणाऱ्याने) क्षेत्र भरलं की सर्व्हर म्हणे, हा आकडाच नाही. ऑफिसातून तीच नोंद बिनबोभाट जाई. उतरत उतरत तळाशी गेलो, तर तिथे स्ट्रिंग-डॉट-फॉरमॅट, लोकेल न सांगता. फोन मराठीत असला की हा गडी आकडे देवनागरीत लिहितो. '०.४०' हेक्टर! चिटबॉयला कळलं, सर्व्हरला कळलं नाही.

दुरुस्त करायला गेलो, तर एडिटर म्हणाला, फाइल फक्त वाचण्यापुरती आहे. इथे मला नाथमहाराज आठवले. (आम्हा नगरकरांना कशावरूनही नेवासं आठवतं.) ज्ञानेश्वरी तिथली, १२९० सालची. पुढे नकला करणाऱ्यांनी त्यात आपापलं पांडित्य मिसळलं. १५८४ साली एकनाथांनी पोथ्या ताडून शुद्ध प्रत तयार केली आणि वर ताकीद दिली, की यात कुणी आपली ओवी घालू नये. फाइल कुलूपबंद करणारा एवढा सज्जन माणूस मला दुसरा माहीत नाही. शिवाय स्वतः केवढे कवी! मला मात्र परक्या फाइलीत माझी एक ओळ घालायचीच होती.

लोकेल-डॉट-रूट एवढं घालून दुरुस्ती लायब्ररीच्या मूळ लेखकाकडे पाठवली. त्याचा राग नाही आला. त्याने फुकट लिहून दिलंय, आणि त्याच्या खिशातला फोन इंग्रजीत असणार. राग आला आमच्याच सपोर्टचा. तिथून चिटबॉयला उत्तर गेलं होतं : "भाऊ, फोन इंग्लिशमध्ये करून घ्या." आणि त्याने मुकाट्याने केलाही होता.

तेव्हा अ‍ॅप करणाऱ्या मंडळींना विनंती, चाचणीचा एक तरी फोन मराठीत ठेवा. परत इंग्रजीत आणायला सेटिंग शोधावी लागेल. ती मराठीत असेल, म्हणून चिटबॉयला विचारा.