शिसेकाका

ग्वाल्हेरच्या थाटीपुरापासून समुद्र इतका लांब, की इथे खारं पाणी दिसतं ते फक्त लिंबाच्या लोणच्याच्या बरणीत. तरीही आमच्या गल्लीत शिसेकाका आहेत. नाव अर्थातच लोकांनी पाडलेलं. ही एक जातच आहे, आणि ग्वाल्हेरातला तिचा नमुना हमखास एजी ऑफिसातून, म्हणजे महालेखाकार कार्यालयातून, निवृत्त झालेला असतो. दुसऱ्याच्या हिशेबावर विश्वास ठेवायचा नाही, हे जन्मभर पगार घेऊन शिकलेला माणूस! तो भाजीवालीचा तराजू तपासतो, आहेराची यादी तपासतो, आणि साठीनंतर तारकर्लीला जाऊन स्कूबा शिकून आला, की कमरेचं शिसंही तपासतो.

पोहता येणाऱ्या माणसाला बुडायला शिसं लागतं, हे काकूंना अजून पटलेलं नाही. "बुडायचेही पैसे द्यायचे?" असं त्या विचारतात. काका मात्र चहा निववत समजावतात. एक लिटर समुद्राचं पाणी साधारण एक किलो पंचवीस ग्रॅम भरतं. माणूस, टाकी, जॅकेट मिळून एकशे दहा किलो धरले, तर ग्वाल्हेरच्या तरणतलावापेक्षा मालवणला पावणेतीन किलो शिसं जास्त लागणार. शिवाय टाकीत अडीच किलो हवा असते. ती आपण खाली खाऊन संपवतो, म्हणजे परत येताना माणूस हलका होतो. "हवा, भैया, हवा! तिचीही नोंद ठेवावी लागते."

भाड्याच्या सामानावर त्यांचा खास राग. तिथली पोरं माणसाकडे बघतात, पोटाकडे बघतात आणि दोन ठोकळे जास्तच ओवतात. जास्त शिसं म्हणजे जॅकेटमध्ये जास्त हवा भरायची, मग पाय खाली, डोकं वर, आणि माणूस पाण्यात उभ्याने तंगड्या मारत टाकी अर्ध्या वेळात रिकामी करतो. हे सगळं खरं आहे. काकांची अडचण हीच, की ते बरोबर असतात.

दुसरी अडचण कंबर. वजनाचा पट्टा कमरेच्या हाडावर टेकायला हवा. काकांचं ते हाड असणार, पण बऱ्याच वर्षांत कोणाच्या पाहण्यात नाही. पट्टा पोटावरून घसरतो. त्यात खोल गेलं की पाण्याच्या दाबाने सूट चेपतो आणि पट्टा आणखी ढिला होतो. म्हणून काका शिसं नेत नाहीत (ते किनाऱ्यावर मिळतंच, ओझं कोण वाहणार), पण बाकीचं सगळं नेतात: स्वतःचा दोन इंची पट्टा, ठोकळे सरकू नयेत म्हणून क्लिपा, टाकीच्या पट्ट्याला अडकवायच्या दोन पिशव्या, आणि थाटीपुरच्या शिंप्याकडून शिवून घेतलेले गॅलिस. होय, पँटचे असतात तसेच. आम्ही त्यांच्याबरोबर मालवणला निघालो, तेव्हा गोवा एक्सप्रेसच्या स्लीपरमध्ये माणशी चाळीस किलो सामान फुकट नेता येतं, हेही त्यांनी वाचून ठेवलं होतं. आमचं एकंदर सत्तावीस भरलं, त्यात नऊ किलो गजक.

मालवणच्या होडीत गॅलिस बाहेर आले तेव्हा सिंधुदुर्ग किल्ला आमच्याकडे बघत होता. होडीवरचा प्रशिक्षक विशीतला. तो हसला नाही, ही त्याची सभ्यता. "काकानू, हे काडा. पट्टो एका झटक्यात सुटूक व्हयो." आणीबाणीत बकल ओढलं की शिसं तळाला आणि माणूस वर, हा नियम; गॅलिस असले तर शिसं खांद्याला धरून बसणार. काकांनी आक्षेप मान्य केला. आयुष्यात बहुधा पहिल्यांदा. मग त्या पोराने चार किलो पट्ट्यात ओवले, दोन टाकीवरच्या पिशव्यांत टाकले, काकांना पुढे वाकायला लावलं आणि पाठीवर पट्टा आपसूक बसला तेव्हा बकल आवळलं. पोटाचा प्रश्नच आला नाही. काकांनी ते वाकणं दोनदा करून पाहिलं.

पाण्यात उतरले आणि तरंगू लागले. बुचासारखे. जॅकेट रिकामं, तरी काका तिथेच. तोंडातून नळी काढून ते ओरडले, "सहा कमी आहे! मी आधीच सांगत होतो! आठ पाहिजे!" होडीतल्या आम्हा सगळ्यांना त्यांनी सविस्तर पटवून दिलं. बोलता बोलता दम लागला, मग छाती भरून श्वास घेतला, नळी तोंडात घातली, आणि पुन्हा तरंगले.

पोरगा शेजारी शांतपणे पाणी तुडवत होता. म्हणाला, "वजन बरोबर आसा. तुमी श्वासच सोडूक नाय."

काकांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. मग हळूहळू, हिशेब चुकता करावा तसा, श्वास सोडला. आधी हनुवटी गेली, मग मिशा, मग चष्म्याची काच पाण्याशी समपातळीत आली, आणि शेवटी टक्कल. वर फक्त बुडबुडे.

अर्ध्या तासाने होडीत आले ते गप्प. मासे कसे होते, असं विचारलं तर "ठीक". प्लॅस्टिकच्या पिशवीतून वही काढली, ओल्या बोटांनी रकाने आखले, आणि पट्टा, टाकी, सूट यांच्या खाली एक ओळ घातली. मी खांद्यावरून वाचली: "फुफ्फुस. तीन किलो. बेहिशेबी."