लाल कोट आणि गार वारा

इंग्लंडात समुद्रकिनारी सुट्टीला जायचं तर स्वेटर, छत्री आणि चिकाटी सोबत हवी. नॉटिंगहॅमहून रेल्वेनं स्केग्नेसला उतरलो तेव्हा ऐन ऑगस्ट होता, आणि उत्तर समुद्रावरचा वारा कानशिलं सोलून काढत होता. १९०८ साली रेल्वे कंपनीनं या गावाचं एक पोस्टर काढलं. त्यात एक गोलमटोल कोळी किनाऱ्यावर उड्या मारत चाललाय. इथली हवा अंगात तरतरी आणते, असा त्या जाहिरातीचा दावा. तो आनंदानं उड्या मारतोय असं सगळे समजतात. माझ्या मते तो ऊब आणत असावा.

याच गावी ११ एप्रिल १९३६ रोजी बिली बटलिन यांनी हॉलिडे कॅम्प उघडला. वेल्समधल्या बॅरी आयलंडवर त्यांनी एक प्रकार पाहिला होता. न्याहारी उरकली की लॉजची मालकीण पाहुण्यांना बाहेर काढी, आणि पाऊस असला तर बिचारी कुटुंबं आडोशाला उभी राहून सुट्टी भोगत. बटलिननी जाहीर केलं: एका आठवड्याच्या पगारात एका आठवड्याची सुट्टी. शॅलेत म्हणजे छोटेखानी घरात राहणं, तिन्ही वेळचं जेवण, करमणूक, सगळं त्यातच. १९३८ साली पगारी रजेचा कायदा झाला आणि कामगारांना ही चैन आणखी जवळ आली.

पण आलेली मंडळी गप्पगप्पच बसायला लागली. रीतसर ओळख झाल्याखेरीज बोलायचं कसं? शेवटी बटलिननी नॉर्मन ब्रॅडफर्ड या आपल्या माणसाला पुढं केलं. तो होता इंजिनिअर, पण त्यानं माईक घेऊन चार विनोद केले आणि सभागृह सैल झालं. मग त्याला लाल ब्लेझर आणि पांढरी पँट मिळाली. रेडकोट ही जात अशी जन्माला आली.

किनाऱ्यावरच्या बाकावर एक आजोबा भेटले. साठच्या दशकात रेडकोट होते. ‘‘काम काय असायचं?’’ असं विचारलं, तर म्हणाले, ‘‘हसायचं.’’ सकाळी भोंग्यावरून ‘गुड मॉर्निंग कॅम्पर्स’ झालं की सुरुवात. लहान मुलांना खेळवा, एकट्या बसलेल्या बाईंना नाचायला न्या, रात्री ‘गुड नाइट’चं गाणं होईपर्यंत पाय आणि गालफडं हलती ठेवा. थोडक्यात, रोज मुलीचं लग्न आणि रोज आपण मुलीकडचे!

जेवणघरात वेटरच्या हातून बशी फुटली की हजार माणसं जल्लोष करीत. पण खरी शान बेढब गुडघ्यांच्या स्पर्धेची. कुणी फोरमन, कुणी खाणकामगार, चारचौघांत पँटी गुडघ्यापर्यंत गुंडाळून रांगेत उभे राहत. परीक्षक चष्मा सावरून वाकत, एकेक वाटी बोटांनी चाचपत, दोन पावलं मागं सरून पुन्हा न्याहाळत. आजोबांच्या म्हणण्याप्रमाणे जिंकणाऱ्यापेक्षा हरणाऱ्याची बायको जास्त चिडे. ‘‘आमच्या ह्यांच्याइतके वाईट गुडघे आहेत का कुणाचे?’’ हा तिचा रोकडा सवाल.

मोठी माणसंही इथूनच घडली. ऑगस्ट १९६२ मध्ये रिंगो स्टार दुसऱ्या एका बँडबरोबर स्केग्नेसच्या कॅम्पात ड्रम बडवत होता, तिथूनच बीटल्सनं त्याला उचललं. बटलिनच्याच पुल्हेलीच्या कॅम्पात रेडकोट राहिलेल्या जिमी पेरीनं डेव्हिड क्रॉफ्टबरोबर ‘हाय-डी-हाय!’ ही बीबीसीची विनोदी मालिका लिहिली.

पुढं स्पेनची विमानं स्वस्त झाली, ऊन आयतं मिळू लागलं, आणि बरेच कॅम्प बंद पडले. स्केग्नेस, माइनहेड आणि बॉग्नर रीजिस मात्र अजून चालू आहेत. जाऊन या. अट एकच: लाल कोटातलं कुणी हसत समोर आलं, तर तुम्हीही हसा. तो पगारावर हसतोय खरा, पण सकाळपासून उभा आहे.