श्री. स्मूदनेस यांस अनावृत पत्र

श्री. स्मूदनेस,
मुक्काम ओपनस्ट्रीटमॅप

स. न. वि. वि.

२००४ साली इंग्लंडात सुरू झालेला तुमचा नकाशा कोणीही दुरुस्त करावा असा, म्हणून मी आमच्या गल्लीपासून सुरुवात केली. रस्ता कशाचा ते नोंदवणारा टॅग, म्हणजे तुमचे शेजारी ‘सरफेस’, यांनी फार छळलं नाही. डांबर, काँक्रीट, पेव्हर ब्लॉक, माती; दोनशे मीटरांत चारही निघाले. प्रत्येक बदलाला रेघ तोडायची, एवढंच. घोडं अडलं ते तुमच्यापाशी, रस्ता किती गुळगुळीत ते नोंदवणाऱ्या टॅगपाशी.

तुमच्या पायऱ्या आठ. सगळ्यात वर ‘एक्सलंट’, म्हणजे रोलर स्केट घालून फिरावं असा. सगळ्यात खाली ‘इम्पासेबल’, चाकाचं नावच नको. रिक्षा तुम्ही ‘बॅड’पर्यंतच सोडता. अहो, तुम्ही जिथे ट्रॅक्टरच पाठवाल त्या ‘व्हेरी हॉरिबल’वरून आमचा रिक्षावाला रोज सहा पोरं शाळेत पोचवतो. दप्तरं बाहेर लटकलेली.

डोळ्यांवर भरवसा नको म्हणून मी एक अवजार बनवलं. फोन स्कूटरच्या हँडलला रबरबँडने बांधला, त्यातल्या सेन्सरने हादरे मोजायचे आणि कोडने पायरी सुचवायची. महिनाभर फिरलो. निकाल असा, की ज्यात दर पावसाळ्यात कोणीतरी झाडाची फांदी रोवून जातं, तो आमचा थोरला खड्डा ‘गुड’! त्यात गाडी घालतो कोण? सगळे कुलकर्ण्यांच्या ओट्याला घासून जातात. आणि पुढचा कोरा करकरीत डांबरी पट्टा ‘हॉरिबल’, कारण तिथे लागोपाठ तीन गतिरोधक. मग वाटलं, गाडी कुठे वळते तेच पकडावं. पण जीपीएस चार-पाच मीटर इकडेतिकडे दाखवणार, नि गल्लीची रुंदी तेवढीच. शिवाय गाय दिसली तरी आम्ही वळतोच.

जमिनीवर जे दिसेल तेच लिहावं, हा तुमच्याकडचा नियम मला मान्य आहे. पण कधीचं? मेमध्ये डांबर, जुलैत डबकं, गणपतीआधी मुरूम. पाहणीची तारीख टाकायला तुमच्याकडे ‘चेक डेट’ आहे खरा. आम्हाला घड्याळही लागेल. परवा सकाळी सातला ‘इंटरमीजिएट’ लिहिलं आणि चहा पिऊन बाहेर आलो, तर पाइपलाइनवाले फक्कीने रेघा मारत होते.

आपला,
स्कूटरवरचा नकाशेकार

ता. क. काल रबरबँड तुटला. फोन थोरल्या खड्ड्यात सापडला. त्या खड्ड्याची तेवढी एकच नोंद खरी आहे.