आधी पक्ष सांगा!

अहो, ऐकलंत का? नाही, अशा इकडे या, कठड्यापाशी. समोरच्या काकांची खिडकी उघडी आहे आणि विषय त्यांचाच आहे.

आपले काका हो, भाजपच्या किरीटभाईंची प्रत्येक पत्रकार परिषद तोंडपाठ असणारे. डर्टी डझन म्हणू नका, कोर्लईचे १९ बंगले म्हणू नका, दापोलीच्या रिसॉर्टवर नेलेला तो भलामोठा हातोडा म्हणू नका… गेटपाशी उभे राहून वॉचमनलासुद्धा सोडायचे नाहीत. 'एकेक आत जाणार, लिहून ठेव.' बिचारा मान डोलवायचा. आणि त्यात वायकरांचं नाव निघालं की काकांचा आवाज टिपेला. साहजिकच आहे म्हणा, वायकर म्हणजे जोगेश्वरीचे, घरचेच. नगरसेवक, स्टँडिंग कमिटीचे अध्यक्ष, आमदार, राज्यमंत्री, सगळं आपल्या डोळ्यांसमोर झालेलं. 'लिंक रोडची जागा! खेळाच्या मैदानासाठी, बागेसाठी राखीव! तिथे फाइव्ह स्टार हॉटेल? पाचशे कोटी!' आरोप किरीटभाईंचा, पण काका असे सांगायचे जणू मोजायची टेप यांनीच धरली होती. वायकर म्हणायचे, मी काही चुकीचं केलेलं नाही. काका म्हणायचे, चोर कधी कबूल करतो का?

तर काय सांगत होते, सप्टेंबर २०२३ मध्ये आर्थिक गुन्हे शाखेनं गुन्हा नोंदवला आणि जानेवारीत ईडी थेट वायकरांच्या दारात. काकांनी पेढे वाटले हो! मीही घेतला एक, खोटं कशाला बोला.

आणि १० मार्चला काय? वायकर ठाकऱ्यांना सोडून शिंदेंकडे!

अहो, तो चेहरा… मी जिन्यातच होते ना. आधी म्हणाले, अफवा आहे. मग मुलानं मोबाइल दाखवला. शिंदेंशेजारी वायकर, हातात भगवा. काका चष्मा पुसत बसले. चार दिवस खाली फिरकले नाहीत. आणि उतरले ते काय म्हणाले माहितीय? 'मोदीजींचे हात बळकट करायचे तर छोट्या गोष्टींकडे बघून चालत नाही.' पाचशे कोटी छोटी गोष्ट झाली! ज्या कोर्लईच्या बंगल्यांवरून ठाकऱ्यांच्या आणि वायकरांच्या, दोन्ही वहिनींची नावं एका दमात घ्यायचे, तिथे आता एकच वहिनी उरल्या.

पण थांबा, दुसऱ्या मजल्यावरच्या भाऊंना मोकळं सोडू नका. शाखेतले जुने, ठाकऱ्यांचे कट्टर. इतकी वर्षं वायकरांसाठी काकांशी भांडले. सुडाचं राजकारण, मराठी माणसाला अडकवायचा डाव, सगळं ऐकवलं. आणि त्या १० मार्चच्या रात्री वायकर गद्दार! सकाळी दुधाच्या लायनीत मला म्हणतात, 'वहिनी, खाल्लंय त्यानं, म्हणून पळाला.' मी म्हटलं, भाऊ, खाल्लं असेल तर कधी खाल्लं? तुमच्यात असतानाच ना? तेव्हा मैदान कुणाचं, असं एकदा तरी शाखेत विचारलंत का? भाऊंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाले, आज दूध उशिरा आलं, नाही?

पुढे तर वायकरच मुलाखतीत बोलून बसले की खोट्या प्रकरणात गुंतवलं होतं, तुरुंग किंवा पक्ष बदलणं, एवढेच पर्याय होते. गदारोळ झाल्यावर म्हणे, माझ्या बोलण्याचा विपर्यास केला. आता विपर्यास म्हटलं की पुढे बोलायचंच खुंटतं…

आणि कीर्तिकरांकडचं विसरलात? वडील शिंदेंकडे खासदार, मुलगा अमोल लोकसभेला वायकरांसमोर ठाकऱ्यांकडून उमेदवार. अमोलच्या मागे कोविडमधल्या खिचडीवाटपातल्या घोटाळ्याच्या आरोपावरून ईडी. उमेदवारी जाहीर झाली त्याच दिवशी समन्स. मतदानाच्या दिवशी कीर्तिकर वहिनी चक्क कॅमेऱ्यासमोर म्हणाल्या की ह्यांनी शिंदेंबरोबर जाणं मला पटलेलं नाही, मुलगाच जिंकणार. त्या घरातलं त्या रात्रीचं जेवण कसं झालं असेल, मला तीच काळजी! वडिलांनी मुलाचा प्रचार करता आला नाही म्हणून खंत बोलून दाखवली, तर शिशिर शिंदे म्हणाले, ह्यांची पक्षातून हकालपट्टी करा. शिशिर शिंदे कोण? सेना, मग मनसे, मग परत सेना, मग शिंदे. निष्ठेचा धडा त्यांच्याकडून! आणि निरुपम? काँग्रेसमध्ये असताना अमोलला खिचडीचोर म्हणायचे. काँग्रेसनं काढलं, महिन्याभरात शिंदेंकडे, आणि प्रचार कुणाचा, तर वायकरांचा. खिचडी लागली, मैदान नाही लागलं.

आता हे नुसतं आपल्या जोगेश्वरी-गोरेगावचं आहे का? दिल्लीत बघा ना. ८ फेब्रुवारी २०२४ ला निर्मलाबाईंनी संसदेत श्वेतपत्रिका ठेवली, त्यात काँग्रेसच्या काळातला आदर्श घोटाळा. पाच दिवसांत, ज्यांच्यावर त्याच आदर्शचे आरोप ते अशोकराव चव्हाण भाजपमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी राज्यसभेची उमेदवारी! भाऊंनी ही गोष्ट मला तीन वेळा ऐकवली. मी म्हटलं, बरोबर आहे तुमचं, पण नवाब मलिक २०२२ मध्ये तुरुंगात गेले तेव्हा उद्धवजींच्याच सरकारात मंत्री होते ना? सरकार पडेपर्यंत राजीनामा नाही. तेव्हा तुम्ही म्हणायचात, आरोप झाला म्हणून राजीनामा कशाला? भाऊ म्हणाले, ते वेगळं होतं. काकांना त्यांची गोष्ट विचारली की तेही म्हणतात, हे वेगळं आहे. बाई गं, दोघांचं एवढं एकमत मी आयुष्यात पाहिलं नाही.

सासूबाई म्हणतात, पूर्वी असं नव्हतं, नैतिक जबाबदारी म्हणून लोक राजीनामे द्यायचे. मी म्हटलं, आपणहून कोण गेलं हो? अंतुले मुख्यमंत्रिपदावरून गेले ते जानेवारी १९८२ मध्ये, सिमेंटच्या प्रकरणात लेंटिनसाहेबांचा निकाल आल्यावर. आणि आर. आर. आबा, माणूस साधा, पण २६/११ नंतर मोठ्या शहरात असं एखादं होतं म्हणून बसले आणि लोक खवळले तेव्हा गेले. वर्षभरात परत गृहमंत्री! पण सासूबाईंचाही एक मुद्दा मला पटला. त्या म्हणाल्या, 'अगं, निदान तेव्हा ज्यांनी मत दिलं तेच खवळायचे. आता फक्त समोरचे खवळतात.'

तर काय सांगत होते… हं, ४ जून. नेस्कोला मोजणी. मशिनच्या मतांत अमोल एका मतानं पुढे. एका! भाऊंनी फटाके आणायला पोराला पिटाळलं. मग टपाली मतं, मग फेरतपासणी, आणि रात्री वायकर ४८ मतांनी खासदार. साडेचार-साडेचार लाख मतं दोघांना, आणि फरक ४८! एवढी माणसं तर आपल्याच सोसायटीतली मतदानाच्या त्या सोमवारी अलिबाग-लोणावळ्याला होती. शनिवार-रविवारला जोडून सुट्टी ना. हीच मंडळी आता ग्रुपवर लोकशाहीच्या नावानं मेणबत्त्यांची चित्रं टाकतात.

आणि जुलैत? पोलिसांनीच कोर्टात सांगितलं, अपुऱ्या माहितीमुळे आणि गैरसमजातून गुन्हा नोंदवला गेला, प्रकरण बंद. गैरसमज! ज्यासाठी मी पेढा खाल्ला तो गैरसमज होता. आता खरंच गैरसमज असेल, तर मग काकांनी वायकरांची माफी मागायला हवी. आणि नसेल, तर मतदान कसं केलं ते सांगायला हवं. दोन्हींपैकी एकही नाही. भाऊ ओरडले, 'वॉशिंग मशीन!' पण वायकर उद्या परत मातोश्रीवर गेले तर हेच भाऊ हार घेऊन पुढे असतील, माझं नाव बदला.

म्हणून परवा मी गंमत केली. दोघांना एकदम गेटपाशी गाठलं. म्हटलं, एक विचारू का? एक नेता आहे. लोकांच्या राखीव जागेवर स्वतःचं काम केलं असा त्याच्यावर आरोप आहे, गुन्हा नोंदवलाय, चौकशी चालू आहे. त्यानं पद सोडावं की नाही?

काकांनी भाऊंकडे पाहिलं, भाऊंनी काकांकडे. आणि दोघं एकदमच म्हणाले, 'आधी पक्ष सांगा!'

मी म्हटलं, पक्ष सांगते हो, पण आधी राजीनाम्याचं बोला. आज तिसरा दिवस आहे. दोघंही मला टाळतायत.